गाबोळी काढून वजन

बाबा, तू चुकत होतास. तुला जाऊन दहा वर्षं झाली, एवढ्या काळात आपल्या घरात हे कुणी मोठ्यानं बोललेलं नाही, म्हणून मी लिहितोय. काका तर अजून तळ्याच्या बांधावर उभा राहून मला ऐकवतो, "तुझा बाप नुसता हात फिरवून सांगायचा, मासा कसला हाय तो." फिरवायचास, खरं आहे. थळ गावामागचं आपलं तळं, वैशाखात ओढलेलं जाळं, रोहू चिखलात तडफडतायत आणि तू एकेकाच्या पोटावर अंगठा दाबतोयस. पोट भरलेला मासा परत पाण्यात, सडसडीत मासा टोपलीत, बाजारात जायला. मी एकदा एक सडसडीत मासा पाण्यात सोडला, तर सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातलास. "आरं, प्वाट बघ की! सुका मासा फुकटचा खातो नि वाढत न्हाय." मी ते पाठ केलं. तुझ्या तोंडातून आलेलं सगळंच मी पाठ करायचो.

तेच डोक्यात घेऊन अलिबागला कॉलेजात गेलो. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल होतं. एकाच तळ्यातले रोहू घ्यायचे, नर वेगळे, माद्या वेगळ्या, लांबी मोजायची, वजन करायचं आणि सांगायचं की लांबीच्या मानानं अंगानं कोण भरलेलं. माझ्या जोडीला रेवदंड्याची एक मुलगी होती. तिची आई मासळी विकते, त्यामुळे हिच्या हातात वहीच्या आधी कोयता आला. नर कसा ओळखायचा ते दाखवायला तिनं माझं बोट धरून माशाच्या कल्ल्यामागच्या परावरून फिरवलं. "खरखरीत लागला? मग नर." बाबा, मला माशाचं काहीच लागलं नाही. मी म्हटलं, कळलं नाही, परत दाखव. तीनदा दाखवायला लावलं.

वजनं झाली, तर माद्या भारी. मी सरांना ओरडून सांगितलं, मादीच अंगानं चांगली, माझ्या बाबाचा अंगठा हेच सांगायचा. ती म्हणाली, "पोटातली गाबोळी काढ आणि मग वजन कर." मी म्हणालो, माझ्या बापाचं आयुष्य तळ्यावर गेलंय. "मग? तळं तुझ्या बापाचं म्हणून अंड्यांचं मांस होतं काय रे?" अख्खा वर्ग हसला. मी ट्रे उलटा केला. मासे फरशीवर, पाणी तिच्या चपलांवर. सर म्हणाले, तिची माफी माग, नाहीतर माझ्या वर्गात पाय ठेवू नकोस. मी पाय ठेवला नाही. आई रडली, काकानं तुझं नाव काढलं, तरी नाही.

आता तळं मी बघतो, माझ्या पद्धतीनं. गिऱ्हाईक बांधावर मासा साफ करून मागतं, तेव्हा मी आधी अख्ख्याचं वजन घेतो, मग गाबोळी काढून पुन्हा घेतो आणि वहीत लिहितो. गाबोळी काढली की मादीचा भरलेपणा उतरतो. तेवढ्याच लांबीचा नर उलट जरा जास्तच भरतो. तुझे ते "सुके, फुकटखाऊ" मासे चांगले धडधाकट नर होते, बाबा. आणि आई जिला तांदळाचं पीठ लावून तळायची आणि जिचा पहिला घास तू घ्यायचास, ती गाबोळी घरच्यासाठी ठेवलेल्या तसल्याच भरल्या पोटातून निघायची. दर वैशाखात ताटात बघत होतास, तरी तुझ्या अंगठ्याला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची निघाली, ती लपवणार नाही. एकाच वेळी तळ्यात सोडलेल्या बीजात, म्हणजे पिल्लांत, माद्या लांबीला पुढं जातात. म्हणजे वाढणारे मासे तू पाण्यात ठेवत होतास, पण कशामुळे ते तुला ठाऊक नव्हतं. वाढणं वेगळं आणि अंगानं भरलेलं असणं वेगळं. हे तुला सांगायला कुणी नव्हतं. मला सांगणारी होती, तिच्या पायावर मी पाणी ओतलं.

काल तिचा मेसेज आला, दीड वर्षानं. "सोमवारी रत्नागिरीला चालले, पुढचं शिकायला. मासे मोजतोस का अजून?" काका म्हणतो, कॉलेज सोडलेल्याला ती कशाला विचारील. विचारलंय तिनं. उद्या मी वही घेऊन रेवदंड्याला जाणार आहे, कुणी काही म्हणो. आणि मागच्या वेळी ज्यासाठी बोट तीनदा फिरवून घेतलं, तेही बोलणार आहे. ती गेली की मग कुणाला सांगू?

पण एक तुला आधी सांगतो. घरात सगळ्यांना वाटतं की मी माफी मागायची नाही म्हणून कॉलेज सोडलं. मीही तसंच सांगत आलो, छाती काढून. खरं म्हणजे त्याच संध्याकाळी मी आपल्या तळ्यातली एक मादी चिरली, गाबोळी काढली आणि तेवढ्याच लांबीच्या नराबरोबर काट्यावर तोलून बघितली. रेवदंड्याचीच बरोबर होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. माफी मागायला दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसलोसुद्धा. कॉलेजच्या फाटकातून ती दिसली, तिच्या तोंडावर 'चुकलो' म्हणायचा धीर झाला नाही आणि मी मागं फिरलो. तुला हे पोचणार नाही, म्हणून लिहायला सोपं गेलं. तिच्या दारात हेच तोंडानं बोलायचंय.