गॅसच्या बटणावरच्या टिकल्या

मनीषनगर, नागपूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. कांतास, तुझ्या मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. फोनवर बोलता येत नाही वं, सून घरातच असते. म्हणून हे पत्र. चौथीत गुरुजींनी वळवून घेतलेलं अक्षर अजून वळते, त्याचाच मले मोठा आनंद.

तर गोष्ट अशी. गॅसच्या दोन्ही बटणांवर कोणीतरी खड्याची टिकली चिकटवली. मिठाच्या डब्याले एक रबर, तिखटाच्या डब्याले दोन. घरात आम्ही तिघंच, लेक, सून आणि मी. सुशीलले तर चहासुद्धा करता येत नाही, म्हणजे काम वंदनाचंच. आजकाल ती माझ्या तोंडाकडे पाहत नाही. मी बोलून राहिली का मान वाकडी करते आणि माझ्या कानाकडे पाहते. मनात काही असल्याशिवाय कोणी असं पाहते का? दर गुरुवारी रामदासपेठेत जाते. विचारलं तर म्हणते काम आहे. कोणतं काम, ते नाही.

मले वाटते, या चाचपायच्या खुणा करून ती मले आंधळी ठरवून राहिली. माझा मोतीबिंदू काढून वरीस झालं, मी सुईत दोरा ओवते! परवा शेजारच्या भावनाच्या ब्लाऊजले हुक लावून दिले, तिनं बेसनाचे दोन लाडू दिले, एक मी कोणाले न सांगता खाल्ला. ते जाऊ दे. उद्या म्हणतील, म्हातारीले दिसत नाही, गॅसजवळ येऊ देऊ नका. सकाळचा चहा आणि भाजी माझ्या हातची असते. तेवढंही सुटलं तर मी या घरात सोफ्यावरची उशी होईन. काय करू, लवकर कळव.

माया आहे तशी राहू दे, वाढली तरी चालते.
तुझी
सुभद्राबाई


पारशिवनी
ता. १५ फेब्रुवारी २०२५

ती. बाईस कांताचा वाकून नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि हातातला घास हातात राहिला. आपल्या रामाजीच्या आईचं असंच झालं होतं. पहिले तिचा पेला वेगळा केला, मग खोली वेगळी, मग म्हणाले का आई, तू बसून राहा. बसली ते उठलीच नाही.

तू त्या टिकल्या उपटून टाक. रबरं या डब्याची त्या डब्याले लाव. मग गुपचूप बसून तोंड पाहा, ज्याचं काम असंल त्याचं तोंड उतरते. माझे गुडघे धड असते तर मीच आली असती.

लोभ ठेव, आणि काय झालं ते काही न गाळता लिही.
तुझी
कांता


मनीषनगर, नागपूर
ता. २ मार्च २०२५

चि. कांतास, तुझ्या मूर्ख बहिणीचे आशीर्वाद.

वि. वि. आज मी इतकी खुशीत आहे का पेन हातात थांबून नाही राहिला. पण पहिले तुझ्यावर रागावते. तुझं ऐकलं आणि घर उडालं असतं.

मंगळवारी मी टिकल्या काढल्या, रबरं बदलली आणि पोथी घेऊन सोफ्यावर बसली, एक डोळा स्वयंपाकघराकडे. वंदनानं चहा केला, बटण फिरवलं, बाहेर आली. जरा वेळानं गॅसचा वास! मी धावली. ज्योत विझलेली, बटण पुरतं फिरलेलंच नव्हतं. ते बंद केलं, खिडक्या उघडल्या. मागं वळून पाहते तर वंदना बोटानं बटण चाचपून राहिली आणि विचारून राहिली का माझी टिकली कुठं गेली. टिकली वर आली का गॅस बंद झाला, हे तिले बोटानं समजे.

मग तिनं सगळं सांगितलं. कांता, टिकल्या तिच्या स्वतःसाठीच होत्या वं. तिच्या डोळ्याच्या पडद्याले आजार आहे, सात महिने झाले. मधलं पुसल्यासारखं होते, बाजूचं दिसते. माझं तोंड दिसावं म्हणून ती बिचारी माझ्या कानाकडे पाहे. चष्म्यानं भागत नाही. रामदासपेठेत कमी दिसणाऱ्यायले आपली कामं आपणच करायले शिकवतात, तिथं जाते. घरी सांगितलं नाही. काहून, तर आपण तिले बसवून ठेवू म्हणून. जे भेव मले, तेच तिले, आणि दोघी एका ओट्यापाशी उभ्या.

सुशीलनं तेच केलं. ऐकलं आणि म्हणाला उद्यापासून स्वयंपाकाले बाई लावू. मी म्हटलं, पहिले तू चहा करायले शिक, मग आमच्या ओट्याविषयी बोल.

मग मी रबरं पहिल्यासारखी लावली आणि दुकानात जाऊन खड्याच्या टिकल्यांचं पाकीट मागितलं. विश्वनाथ दुकानदार माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहतच राहिला. तुझे भाऊजी जाऊन वीस वर्षं झाली, आणि मी टिकल्या घेऊन राहिली! म्हटलं, पाहतो काय, गॅसले लावायच्या आहेत. आता त्याले माझ्यावर शक आहे.

गुरुवारी मीही वंदनासंगं गेली. तिथं दुसरीतली वेदिका नावाची पोर भिंग धरून धडा वाचून राहिली होती. माझ्याहून म्हातारे एक बापूजी पेल्याच्या काठावर बोट ठेवून पाणी ओतत होते, थेंब सांडला नाही. मी वंदनाचा हात धरायले गेली तर तिथल्या बाईनं मलेच शिकवलं का तुम्ही धरू नका, तिले तुमचं कोपर धरू द्या.

आज तिनं एकटीनं बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला. मदत होऊ नये म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, मुंग्या आल्या. मीठ जास्त पडलं. सुशील मले खुणावून राहिला का बोलू नको. मी बोलली, पहिल्यासारखीच, जोरानं. गप्प राहिली असती तर तिले शक आला असता का सासू दया करून राहिली. वंदनानं मान वाकडी केली, माझ्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाली का कालच्या तुमच्या भाजीत तर मीठच नव्हतं.

लोभ असाच ठेव, सल्ले मात्र जरा कमी दे.
तुझी
सुभद्राबाई