आत्याचं रिकामं पोतं

आबा, आज खालच्या वावरातली केळी उपटायला घेतली. मर रोग आहे. आधी खालची पानं कडेने पिवळी पडली, मग देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागली. आईला वाटलं पाणी कमी पडतंय, तिने पाणी वाढवलं. मग कृषी विभागाचे साहेब आले आणि त्यांनी एक खोड आडवं कापलं. आत तपकिरी कडी. तो रंग माझ्या ओळखीचा होता. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला केळीच्या सोपटावर, खोडाच्या ओल्या सालीवर, काडीने अक्षरं काढायला बसवत होता. ओरखडा आधी दिसतच नाही, मी रडकुंडीला येते, आणि तुम्ही म्हणता, "थांब, उमटंल." थोड्या वेळाने अक्षर तपकिरी होऊन वर येतं.

या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. या वावरात आता आपली केळी नाही. मी खोरं धुते, चपला धुते, पुन्हा धुते. आई म्हणते, "कातडं निघंल हातांचं."

दुपारी संगमनेरहून आत्या आली, मुनव्यांसाठी, केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांसाठी, पोतं घेऊन. तुमची रीत तिला पाठ आहे: मुनवा विकायचा नाही, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, पहिल्या घडाची एक फणी तेवढी परत यायची. तिने घरामागे सऱ्या पाडून ठेवल्यात. बांधाकडचे मुनवे हिरवेगार होते.

"ह्यांना काय धाड भरलीय? चांगले तर हायेत."

"दिसतात चांगले, आत्या. रोग कंदात असतो. तुमचं रान कायमचं जाईल."

"माझ्या भावाची केळी हाय ती. आईनं शिकवलं व्हय तुला न्हाई म्हणायला?"

आई खाली मान घालून चहा गाळत राहिली. मग मी म्हणाले, "आबाच सांगून गेलेत. मर लागली तर घरच्यालासुद्धा मुनवा द्यायचा नाही."

आत्याने पोत्याची घडी घातली. "दादा म्हणला? मग ऱ्हाऊ दे." चहा बशीत ओतता ओतता तिने हळूच विचारलं, "आन काय काय म्हणला हुता?"

तुम्ही असं काहीच म्हणाला नव्हता. तुम्ही पोतं भरून तिच्या डोक्यावर ठेवलं असतं, आणि तिचं रान गेलं असतं. हा कागद वावरातल्या मातीच्या हातांनी लिहिलाय, म्हणून उद्या वाळल्या पानांबरोबर जाळणार आहे. आत्या गेल्यावर मीही बराच वेळ आठवत बसले होते, तुम्ही आणखी काय म्हणाला होता ते.