कुलूपवालीची स्वखुशी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपे व किल्ल्या, राहणार याच घरी आणि सध्या दुसरीकडे कुठेही जाऊ न शकणारी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप लावून मला आत ठेवलेले असताना, त्या कुलपाखेरीज दुसऱ्या कोणत्याही दडपणाशिवाय मी हे स्वखुशीने लिहीत आहे. हे वाक्य असे का लिहिले ते पुढे येईल. कोणी त्यातले निम्मे तोडून वापरू नये.

डोके ठिकाणावर आहे हे मुद्दाम लिहावे लागते, कारण माझा पुतण्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भावाचा मुलगा, काकूला आता काही आठवत नाही असे सगळीकडे सांगत फिरतो. मला सगळे आठवते. त्याने माझी नवी छत्री नेली ती परत आणली नाही, हेही आठवते. छत्रीचा दांडा लाकडी होता.

माझी स्थावर मिळकत एकच, ती म्हणजे हे घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे पाण्याची टाकी. यजमान गेल्यावर दुकान मी चालवले. बाईमाणूस काय कुलपे उघडणार, असे पुष्कळांनी म्हणून घेतले. मग त्यांच्या किल्ल्या हरवल्या आणि ते मुकाट्याने आले. या घरावर कोणाचे कर्ज नाही, बोजा नाही आणि पुतण्याने काहीही सांगितले तरी त्याचा एक खिळाही नाही.

हे घर, दुकानासह, माझ्या पश्चात भिंगरीला मिळावे. भिंगरी म्हणजे कोण ते नीट लिहिते, कारण तिच्याजवळ कागद असा एकही नाही. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची, म्हणून जिला मी वरची म्हणायचे, तिची ही मुलगी. वय अठरा पूर्ण. डाव्या भुवईतून गेलेला व्रण, तो माझ्याच कानशीने झालेला. उजव्या हाताचा अंगठा किल्ली घासून घासून चपटा. एका जागी बसत नाही, म्हणून भिंगरी. तिच्या आईने ठेवलेले नाव या देशात कुठे लिहिलेले नाही आणि त्या देशात कोणाला सापडत नाही. इकडचे म्हणतात ती तिकडची. तिकडचे म्हणतात, आमच्याकडे नोंद नाही. तेव्हा हा तिचा पहिला कागद समजावा. माझे वकील म्हणतात, कागद नसलेल्या माणसालाही घर देता येते, मात्र देणाऱ्याचा कागद पक्का हवा. माझ्या पश्चात या वकिलांनीच सगळी व्यवस्था पाहावी.

वरची दुसऱ्या देशातून बॅगांच्या कारखान्यात टीप मारायला आली होती. आली तेव्हा भिंगरी कडेवर होती. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुकानात बसून ती माझ्याकडून शब्द उचलायची, म्हणून आमच्या भाषेतले तिचे पहिले शब्द खटका, दांडी आणि कानस हे होते. भूक लागली म्हणायला ती नंतर शिकली. मला मावशी म्हणायची. तिचे कागद कारखान्याच्या मालकाने सांभाळायला म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवले होते. सगळ्याच परक्या बायकांचे ठेवले होते. कागद मालकाकडे आणि कामाची पाळी सुरू झाली की दाराची किल्ली मुकादमाकडे. बायका गप्पा मारायला बाहेर पडू नयेत म्हणून तो बाहेरून कुलूप लावायचा.

भिंगरी बारा वर्षांची असताना त्या कारखान्याला आग लागली. भर दुपारी एक माणूस धावत दुकानात आला. "मावशी, चला! मुकादम जेवायला गेलाय, किल्ली त्याच्याकडेच आहे!" मी पहार घेऊन पळाले. कुलूप तापून हाताला लागत नव्हते. मी ते तोडले. तोडायला वेळ लागला नाही, मला बोलवायला लागला. बायका दाराशीच होत्या. वरची त्यांत होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि मी लिहिणारही नाही.

मालकाने सांगितले की दार उघडेच होते, बायका घाबरल्या आणि त्यांना ते दिसले नाही. तेच छापून आले, तेच सगळे म्हणू लागले. पाच वर्षांनी निरनिराळ्या देशांची मिळून एक समिती त्या आगीची चौकशी करायला आली, तेव्हा मी ते कुलूप फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. दांडी अजून बसलेली होती, म्हणजे कुलूप बंदच होते, आणि कडी तुटलेली होती. मी त्यांना एवढेच विचारले, "दार उघडं होतं तर मला कशाला बोलावलं?"

समितीची माणसे चांगली होती. हे मी मनापासून लिहिते. त्यांनी दोनदा चहा विचारला, सगळे लिहून घेतले, दुभाषीने माझा शब्द न् शब्द त्यांना सांगितला. त्यांतल्या एका बाईच्या खांद्याला त्याच कारखान्याची बॅग होती. पट्ट्याजवळची दुहेरी टीप मी ओळखते, वरची घरी सराव करायची. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती रडली असती आणि तिची समजूत घालायचे काम माझ्यावर आले असते. ते कुलूप त्यांनी पुरावा म्हणून नेले. ते त्यांनी वापरावे. वापरायचे नसेल तर भिंगरीला परत द्यावे, ते माझ्या जंगम मिळकतीत मोडते.

ते गेले आणि आठवड्याच्या आत माझ्या दाराबाहेर एक खुर्ची आली. खुर्चीवर माणूस आला. मग दाराची किल्ली त्याच्याकडे गेली. माझ्या सुरक्षिततेसाठी, असे मला सांगण्यात आले. समिती पत्र पाठवून विचारते, की त्या बाई कुठे आहेत? ज्या सरकारी कचेरीने खुर्ची ठेवली ती उत्तर देते की आजीबाई गुडघ्यांमुळे स्वेच्छेने घरी विश्रांती घेत आहेत. खाली जवळचा नातेवाईक म्हणून पुतण्याची सही. माझे गुडघे उत्तम आहेत. समिती उलट लिहिते की आम्हाला तीव्र चिंता वाटते. चिंता त्यांना आणि कुलूप मला, अशी आमची वाटणी झालेली आहे.

कुलूपवाली असून कुलूप उघडता येत नाही का, असे कोणी विचारील. येते. ते दारात मीच बसवलेले आहे आणि दुसरी किल्ली करायला मला लोखंडाचा एक तुकडा पुरतो. मागच्या उन्हाळ्यात मी एका सकाळी दार उघडून सरळ बाहेर पायरीवर उभी राहिले. खुर्चीवर मिशाळ होता. मिशाळ म्हणजे दिवसपाळीचा, मोठ्या मिशांचा. तो धडपडत उठला. मला वाटले, आता हात धरील. त्याने हात जोडले.

"आजी, आत जा हो. माझी नोकरी जाईल."

समोरच्या रस्त्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने मान वळवली. मी थोडा वेळ उभी राहिले, मग आत आले आणि दार माझ्या हाताने ओढून घेतले. त्या दिवशी मी खरी कोंडली गेले. तोवर नुसते कुलूप होते. तेव्हापासून मी दाराजवळून जाताना भिंतीला धरून जाते, गुडघ्यांसाठी नव्हे.

भिंगरीला ये-जा करू देतात. पिशवी तपासतात, पण करू देतात. दुकान तीच चालवते, गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत म्हणून गजांच्या खिडकीतून. मी वरून पायऱ्यांवर बसून तिला सांगते, ती ऐकत नाही आणि तिचे बरोबर निघते.

आता त्या वाक्याबद्दल. मृत्युपत्र करायचे आहे असे मी वकिलांना कळवले, ते आधी कचेरीला कळले. कचेरीचा साहेब फळे घेऊन आला.

"आजी, मृत्युपत्र करताय म्हणे. करा की! कोण अडवतंय?"

"तुम्ही."

तो हसला. "काय हे बोलणं! फक्त ते नेहमीचं वाक्य नीट घाला. स्वखुशीने, पूर्ण स्वातंत्र्यात, कोणाचंही दडपण नसताना. कायद्याला लागतंच ते. आणि एक प्रत आम्हाला द्या."

समिती पुन्हा येणार आहे. तिच्यापुढे त्याला माझ्या हातचे ते वाक्य ठेवायचे आहे. वकिलांना आत सोडत नाहीत, त्यांचा निरोप भिंगरीने आणला, की ते वाक्य नसेल तर पुतण्या कोर्टात या कागदाच्या चिंध्या करील. म्हणजे लिहिले तर मी मोकळी आहे असे मीच कबूल केले, आणि वरची ज्या दाराआड गेली ते दारही उघडेच होते असे म्हणायला ते मोकळे. नाही लिहिले तर घर पुतण्याचे, भिंगरी रस्त्यावर, आणि बिनकागदी माणसे गोळा करणारी गाडी तिला ज्याची भाषाही येत नाही अशा देशाच्या वेशीवर सोडून येणार. इतक्या कुलपांशी माझी गाठ पडली, पण असे पाहिले नव्हते. मी दोन दिवस जेवले नाही. रागाने नाही, भीतीने.

भिंगरी म्हणाली, "आजी, नको लिहूस. मी बघेन माझं."

"काय बघशील?"

"बघेन काहीतरी."

एवढी हुशार मुलगी, पण खोटे बोलायला अजून शिकली नाही. मी तिला जवळ घेतले, आणि ती चक्क एका जागी बसली.

चांगल्या कुलपातले सगळे खटके एकदम उचलावे लागतात. एखादा काढून नेला तर ते कुलूप राहत नाही, नुसते लोखंड राहते. वरचे वाक्य मी तसे घडवले आहे. स्वखुशी त्यात आहे, कायद्यापुरती आणि खरी. कुलूपही त्यात आहे. एक ठेवून दुसरे काढता येणार नाही. वकिलांनी कळवले की असे वाक्य त्यांनी जन्मात पाहिले नाही, पण चूक आहे असेही त्यांना म्हणवत नाही.

बाकीचे थोडक्यात. कानशी, पकडी, शेगडा आणि कोऱ्या किल्ल्या भिंगरीच्या. पकडीचा उजवा जबडा सैल आहे, तो बदलू नये, मला सवय होती तशी तिलाही होईल. वरचीचे शिलाईचे मशीन तिचेच आहे, मी फक्त तेल घालत आले. पुतण्याला किल्ल्यांचा तो पत्र्याचा डबा द्यावा, ज्यांची कुलपे सापडत नाहीत अशा किल्ल्यांचा. या घरातली किल्ली त्याला फार दिवस हवी होती. कशाला लागते ते त्याने शोधत बसावे. छत्री आता परत आणू नये.

साक्षीदारांविषयी. या घरात दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत, म्हणून दारावरचे दोघेच साक्षीला घेतले आहेत, मिशाळ आणि रात्रपाळीचा शिंकऱ्या. साहेब आपले दोन कारकून देत होता, मी नको म्हटले. हे दोघे साध्या कपड्यांत असतात, आणि कोणी विचारले तर नळदुरुस्तीला आलो असे सांगायचा त्यांना हुकूम आहे. वर्ष उलटून गेले, माझा नळ अजून दुरुस्त होतो आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून मिशाळला काही ठेवलेले नाही. खुर्चीवरची उशी मी त्याला आधीच दिली, ती यात धरू नये.

साक्षीदाराने आपला धंदा आणि पत्ता लिहायचा असतो. मी दोघांना समोर बसवून सांगितले, "बाबांनो, काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहा. नळ लिहिलंत तरी सही चालते, मी विचारून घेतलंय. तुम्हाला घरी लेकरं आहेत."

मिशाळने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "माझी बायको बॅगांच्या कारखान्यात आहे, आजी."

"कुठल्या?"

"त्याच. आता नाव बदललंय."

"आणि दार?"

त्याने पेन मागितले.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोघांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण: माझे घर, दाराच्या आत.
दिनांक: १४ मार्च, भर दुपारी.

लिहून ठेवणार: (सही) कुलूपवाली

साक्षीदार पहिला: (सही)
धंदा: नळदुरुस्ती.
पत्ता: कचेरीत विचारावा.

साक्षीदार दुसरा: (सही)
धंदा: नळ (खोडले) पहारा.
पत्ता: दिवसभर याच घराच्या दाराबाहेर, खुर्चीवर. बाहेरून कुलूप मी लावतो, किल्ली माझ्याकडे असते. या घरातले नळ चांगले आहेत.