घरचे बंधू बरे आहेत

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. भाऊजी,

अनेक आशीर्वाद. साठीला टेकलेल्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण मी या घरात आले तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांचे होता आणि माझ्या डोक्यात तुमचं वय तिथेच अडकून बसलंय. जाऊबाईंची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, वजनाच्या बादल्या उचलू नका, घरात एक धडधाकट माणूस आहे त्याला सांगा.

माझं बरं चाललंय. लाँड्रीत अजून जाते. आता सकाळचे चारच तास, रफूपुरते. नवीन मोठी मशीन आलीय, ती कपडे धुते कमी आणि फाडते जास्त, त्यामुळे माझी नोकरी पक्की. गुडघे कुरकुरतात. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही. पूर्वी त्यांच्या चपलांच्या आवाजाचा वैताग यायचा. आता छताकडे कान लावून बसते.

पत्र बघून तुम्ही दचकला असाल. तीन वर्षांपूर्वीच्या तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि आता अचानक पानंच्या पानं. तुमचं ते पत्र मला पाठ आहे. "वहिनी, दादाची शेवटची वस्तू माझ्या हातून हरवली. तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ?" एवढ्या दोनच ओळी होत्या, खाली सही. छापखान्यातला माणूस, शब्द मोजून वापरणार.

त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी औषधवाल्यांचं सांगते, नाहीतर माझ्याच्यानं पुढे लिहवणार नाही.

नदीपलीकडे, बस वळते त्या कोपऱ्यावर एक औषधाचं दुकान आहे. मालक पंचाहत्तरीचे, कानात केस, चष्मा नेहमी कपाळावर आणि शोधत असतात काउंटरखाली. तेही आपल्या बंधुमंडळाचे, पण पलीकडच्या शाखेचे, त्यामुळे तुम्ही त्यांना ओळखत नसाल. कोटावर आपल्यासारखाच पितळी बिल्ला, उघड्या दाराच्या चित्राचा. मी पहिल्यांदा दुकानात गेले ती पट्टी घ्यायला. त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं, हातातलं काम ठेवलं, उठून उभे राहिले आणि विचारलं, "घरचे बंधू कसे आहेत?"

मी म्हटलं, "बरे आहेत. थोडा खोकला आहे."

झालं. लिहून टाकलं एकदाचं.

तुम्हाला मंडळाचे नियम मी काय सांगणार. बंधू आजारी पडून घरात असला की बायकोनं त्याचा बिल्ला लावून बाहेर पडायचं, म्हणजे वाटेत भेटेल त्या बंधूनं थांबून विचारपूस करायची, हवं-नको बघायचं. बायकोला बिल्ला लावायची मुभा तेवढीच. यांच्या शेवटच्या चार महिन्यांत मी तो लावून हिंडले. भाऊजी, खरं सांगते, आयुष्यात कधी नव्हे इतकी मी त्या चार महिन्यांत लोकांना दिसले. बसमधला कंडक्टर जागा करून द्यायचा. बँकेतला चौकीदार दार उघडून उभा राहायचा. एकदा तर एका अनोळखी माणसानं भर रस्त्यात सायकलवरून उतरून माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली. रोज सात-आठ जण विचारायचे, "कसे आहेत?" मी सांगायची, आज दोन घास जास्त खाल्ले, आज उठून बसले. बोलता बोलता मलाही बरं वाटायचं. आणि हे गेले त्या दिवसापासून सगळं एकदम बंद. कंडक्टर तोच, चौकीदार तोच. पण कॉलर रिकामी.

म्हणजे मधलं मी गाळलं. ते तुम्ही वाचताना पकडलं असेलच. हे गेल्यावर बिल्ला माझ्याकडे कसा आला, ते.

*

बुधवार

काल इथवर लिहून पेन खाली ठेवलं आणि उगाचच सगळी भांडी घासून काढली.

तुमच्या दादाला शेवटचं नेण्याआधी तुम्ही त्याच्या कोटावरचा बिल्ला काढलात. सख्खा भाऊ आणि मंडळातला बंधू, दोन्ही तुम्हीच, म्हणून मान तुमचा. बाहेरच्या खोलीत फळीवरच्या डबीत ठेवलात. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष येणार, तुम्ही त्यांच्या हातावर ठेवणार आणि मग तो सभागृहातल्या दिवंगतांच्या फलकावर टांगला जाणार, असं ठरलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तोंड धुवायला गेला होता. मी डबी उघडली. फक्त एकदा हातात घ्यावा म्हणून. एकतीस वर्षं दर शनिवारी तो मी घासलाय. यांच्या सगळ्या कोटांना डाव्या बाजूला एकच भोक, ते मोठं झालं की मी रफू करायची आणि हे परत तिथेच टाचायचे. मनात आलं, त्या फलकावर तीनशे बिल्ले आहेत. त्यांत हा कोणता, हे कोण ओळखणार? मी ओळखलं असतं, पण बायकांना त्या सभागृहात कोण सोडतं! तेवढ्यात जिन्यावर बुटांचे आवाज आले. डबी बंद केली आणि बिल्ला माझ्या पायातल्या उजव्या बुटात टाकला. दुसरी जागाच सुचली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. डबी रिकामी निघाली. तुम्ही पांढरेफटक पडलात. सगळ्यांसमोर खिसे उलटे केलेत, कोटाचं अस्तरसुद्धा फाडून दाखवलंत. गुडघ्यांवर बसून फळीखाली, खुर्च्यांखाली हात घातलेत. माझ्या पायापाशीही आलात. म्हणालात, "वहिनी, जरा पाय उचलता?" मी पाय उचलला. टाचेला पिन रुतली होती, मोजा ओला झाला होता.

मी गप्प राहिले.

ज्याच्या हातून बिल्ला हरवला त्यानं स्वतःचा उतरवायचा. तुम्ही तिथल्या तिथे उतरवलात आणि अध्यक्षांच्या हातावर ठेवलात. महिन्याभरात छापखाना सोडून तिकडच्या गावी निघून गेलात. लोक म्हणाले, लाजेनं गेला. मी ऐकून घेतलं.

बिल्ला परत करायचं मनात आलं नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात रोज आलं. नंतर वाटलं, आता दिलं तर विचारतील इतके दिवस कुठे होता. मग थंडी पडली. यांचा जाड कोट मी माझ्या मापाचा करून घेतला आणि त्या भोकात बिल्ला सहज बसला. आपल्या बाजूला सगळे ओळखणारे, म्हणून वरून मफलर गुंडाळायची, बसमध्ये चढायची आणि पूल ओलांडला की मफलर सोडायची. पलीकडे तुमचे दादा जिवंत होते, भाऊजी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची तब्येत थोडी खाली-वर व्हायची. औषधवाले खोकल्याचं औषध द्यायचे, मी घ्यायची. घरी चौदा बाटल्या झाल्यात, सगळ्या न उघडलेल्या. मला साधी सर्दीही झाली नाही!

तुम्हाला चीड येत असेल. येऊ द्या.

मागच्या महिन्यात औषधवाले म्हणाले, "बाई, खोकला फार लांबला. गुरुवारी चार वाजता आम्ही तिघे येतो बंधूंजवळ बसायला. तासभर बसू. पत्ता सांगा."

आजारी बंधूजवळ बसायचा नियम आहे, हे मी विसरलेच होते. आपल्या शाखेत ती पद्धत कधीच मागे पडली. यांच्याजवळ बसायला तुम्ही सोडून कोणी आलं होतं का? खोटा पत्ता देता आला असता. तोंडातून खराच गेला. का, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित कोणीतरी घरी येणार, एवढ्यालाच मी भुलले.

गुरुवारी बरोबर चारला तिघे आले. औषधवाले, एक हातात काठी असलेले निवृत्त पोस्टमन आणि एक न्हावी. तिघांचे कोट इस्त्रीचे, तिघांचे बिल्ले लखलखीत. मी दार उघडलं. दोन वाक्यं पाठ केली होती, झोप लागलीय, डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय. औषधवाल्यांनी टोपी काढून विचारलं, "कुठे आहेत बंधू?" मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. ते आत गेले. पलंगावर ताणून घातलेली चादर. उशी एकच.

न्हाव्यानं विचारलं, "कधी?"

"तीन वर्षं झाली."

मला वाटलं, आता उठून जातील. शिव्या दिल्या असत्या तरी मी खाली मान घालून ऐकल्या असत्या. औषधवाल्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, खोली नीट पाहिली आणि खुर्ची ओढली. म्हणाले, "तास ठरला होता. बसू."

आणि बसले, भाऊजी. तिघेही, रिकाम्या पलंगाशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. मी चहा केला. पोस्टमननं विचारलं, बंधू काय करायचे? मी सांगितलं, चष्म्यांच्या काड्या बसवायचे, मान खाली घालून इतका वेळ बसायचे की जेवायला हाक मारली तर वर बघायलाही वेळ लागायचा. न्हावी हसला. मीही हसले. मग रडले. यांच्यासाठी घरात कोणासमोर रडायची ती माझी पहिलीच वेळ. तुम्ही असता तर तुमच्यासमोर रडले असते, पण तुम्हाला मीच घालवलं होतं.

पाच वाजता ते उठले. दारात औषधवाल्यांनी माझ्या कॉलरकडे पाहून विचारलं, "मग हा फलकावर का नाही? कोणाच्या नावावर हरवलाय?"

म्हटलं, "माझ्या दिराच्या."

"त्यांना माहीत आहे?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

ते म्हणाले, "आमची शाखा वेगळी. आम्ही कोणाला सांगायला जाणार नाही. ते तुमचं तुम्ही करा." आणि जिना उतरून गेले. त्यानंतर मी पूल ओलांडलेला नाही.

*

गुरुवार

एक गोष्ट अजून राहिली. तीन दिवस तिच्याभोवती फिरतेय. मी नुसती गप्प राहिले असं वर लिहिलंय, ते खरं नाही.

तुम्ही अस्तर फाडून झाल्यावर खाली अंगणात जाऊन उभे राहिलात. तेव्हा अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मी म्हटलं, "त्यांच्या हातात कधी काही टिकतच नाही." हसून म्हटलं. आपल्या घरातली जुनी थट्टा, तुमच्या तोंडावर शंभरदा केलेली. त्यांनी ती थट्टा म्हणून घेतली नाही. तुमच्या नावापुढे मंडळाच्या वहीत तेच वाक्य लिहिलं गेलं: घरच्या माणसांच्या सांगण्यावरून. घरची माणसं म्हणजे मी. तुम्हाला त्यांनी ते वाचून दाखवलं होतं, हे मला गेल्या रविवारी कळलं. म्हणजे तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं मी काय बोलले, आणि तरी तुम्ही माझीच माफी मागितलीत.

त्या रविवारी मी सभागृहावर गेले होते. मफलर न घेता. आपल्या गल्लीतून, बँकेवरून, भर बाजारातून, कॉलरवर बिल्ला लावून चालत गेले. लोकांनी पाहिलं. चौकीदारानं दार उघडायला हात पुढे केला, मग काय ते आठवून तसाच थांबला. सभागृहाच्या पायऱ्यांवर बैठकीला आलेले वीस-पंचवीस बंधू उभे होते. आत मला सोडणार नव्हतेच, म्हणून तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. डबीचं, बुटाचं, त्या वाक्याचं. अध्यक्षांनी दोनदा "मोठ्यानं बोला" म्हटलं. बोलले मोठ्यानं. मग बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. परत येताना वाटेत कोणी बोललं नाही, आणि आता बोलतील असंही नाही. ते माझं मी बघेन.

वहीतली तुमच्या नावापुढची ओळ खोडली, मी पायरीवरून दारातून पाहिली. तुमचा बिल्ला त्यांच्या कपाटात आहे. मी मागितला, पोस्टानं पाठवते म्हटलं. म्हणाले, ज्याचा त्याच्याच हातात देऊ. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, बैठकीत, सगळ्यांसमोर.

या. माझ्यासाठी नका येऊ. घरी यायची गरज नाही, जेवायला थांबायची गरज नाही. मी समोरच्या फुटपाथवर उभी असेन. फक्त बाहेर पडताना बिल्ला खिशात टाकू नका. कोटावर लावा, आणि सावकाश, मधल्या रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल असे चालत जा. माझ्याकडे पाहिलं नाहीत तरी चालेल.

तुमच्या दादाची बायको
('वहिनी' लिहिणार होते. पण तो शब्द तुमचा आहे, मी आपण होऊन घेणार नाही.)