चरबी शिकायला गेलेली पोर

ढोकी,
९ जानेवारी १९८३

चि. विशाखा हिस आबाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

कारखान्याचा हंगाम जोरात हाय, पण वस्तीवर थंडीतापाची साथ आलीय. तुझी वहिनी चांगुणा ओली बाळंतीण, तापानं निजून हाय. दम लागतोय. शेजारणी म्हणत्यात, तेलातुपानं छाती सुजली. म्हणून तुझ्या आईनं तिचं तेल-तूप तोडलं. कोरडी भाकर तिला गिळत न्हाय. श्रीपतीची पोर चरबी शिकायला पुण्याला गेली, असं म्हणून लोक मला हसत्यात. तर तूच सांग, सूज चरबीनंच येती का?

वाट बघतो.
तुझा आबा

पुणे,
१३ जानेवारी १९८३

ती. आबांस विशाखाचा सविनय जयभीम.

दम लागतोय, तर आधी वहिनीला उस्मानाबादच्या दवाखान्यात न्या. पुढचं नंतर वाचा.

खाल्लेल्या तेलानं छाती सुजत नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणातच चरबी असते. ही साथ फ्लूची दिसते. त्याचा विषाणू फुप्फुसात शिरला की त्या चरबीचे बारीक तुकडे सुटतात. त्यांपासून बनलेले काही पदार्थ सूज बोलावतात, काही तिला आवरतात. बेताची सूज रोगाशी लढते. आवरली नाही तर श्वास कोंडतो. हा तोल कसा जातो, तेच मी उंदरांवर तपासते. आईला म्हणावं, वहिनीला गिळेल ते मऊ द्या, तुपासकट.

फेब्रुवारीअखेर हैदराबादच्या परिषदेत मला हेच मांडायचंय. पण तुम्ही नुसतं कळवा, सगळं टाकून येते.

माझ्यावर तुमची माया आहेच, सध्या माझ्या वाटणीची वहिनीला द्या.
आपली विशाखा

ढोकी,
२ फेब्रुवारी १९८३

चि. विशाखास जयभीम.

तुझं पत्र आलं तवा चांगुणाचे ओठ निळे पडले हुते. तुझ्या भावानं, बलभीमनं, जीप मागून आणली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. आमच्या तोंडचं पाणी पळालं हुतं. तुला मुद्दाम कळवलं न्हाय. तू खरंच सगळं टाकून आली असतीस. आता ती घरी हाय, बाळाला पाजती, तूपभात खाती.

तुझी आई दवाखान्यातल्या बायांना सांगत सुटली, सूज आवरायला बी चरबीच लागती, हे माझ्या विशाखानं शोधलं. म्या म्हणलं, अगं, शोध अजून चाललाय. ऐकती कुठं!

आमी दोघं हैदराबादला येणार. इंग्रजी कळायचं न्हाय, पण तू बोलताना दिसशील. म्या म्हणलं, मागं कुठंबी बसू. तुझी आई म्हणती, मागं न्हाय, म्होरच्या खुर्चीत बसायचं.

जागा धरून ठेव.
तुझा आबा