उरलेला धोंडा

बार्शी कॅम्प, अधिक श्रावण

सौ. शिवकांताअक्कास शांतलिंगचा शरणार्थ.

मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. आईला तसं सांग. तिचा खोकला कसा आहे?

पण अक्का, तू माझी थट्टा मांडलीस काय? पुडीवर लिहितेस, "ओळख, काय आहे आणि कुणाच्या घरचं?" कॅम्पातल्या पोरांनी माझे डोळे बांधून मला घास भरवला. मी ओरडलो, "पुरणाचा धोंडा! महादेवीच्या घरचा!" एवढं जायफळ तिची आईच घालते. अधिक महिन्यात धोंडा जावयासाठी करतात, म्हणून सगळी नाचली, "सासूनं कबूल केलं की रं तुला!"

तेवढ्यात पुडी आणणारा गुंडप्पा म्हणाला, "न्हाय बाबा. तिचं लातूरला जमलंय. होणाऱ्या जावयाला जेवू घातलं, उरलेलं गल्लीत वाटलं."

उरलेलं, अक्का! ही बातमी सांगायची रीत झाली? देशासाठी कॉलेज सोडणारा मी तिच्या आईला रिकामटेकडा, आणि त्या लातूरच्या आडत्याच्या पोराला धोंडे!

महादेवीला एकटीला गाठून विचार. रडली तर लगेच कळव, निजामाचा नाका चुकवून येतो. पण ते पुरण तिनंच हौसेनं पाट्यावर वाटलं असलं, तर मला काहीच कळवू नकोस.

तुझा, लई संतापलेला,
शांतलिंग