हंड्यातलं पाणी

अण्णा, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच आज मोकळेपणी भांडणार आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझा आवाज फुटत नसे. आता तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मध्येच 'पुरे' म्हणून मला गप्प बसवता येणार नाही. ऐका.

पडवीतली काचेची टाकी आठवते ना? मी दहावीत होते. ओहोटीला आपण दोघं मिऱ्याच्या खडकांत जायचो आणि दगडाला चिकटलेली समुद्रफुलं, शंख, बोटाएवढे मासे बादलीतून आणायचो. समुद्राचं पाणीही तिथलंच. उन्हानं ते आटलं की वरून गोडं पाणी घालायचं काम माझं. मी विहिरीवरून कळशी आणली तर तुम्ही अडवलंत. "हंड्यातलं घाल. तांब्याच्या भांड्यातलं पाणी शुद्ध असतं." मग स्वयंपाकघरातल्या हंड्यातून मी रोज लोटाभर पाणी घालत गेले. पंधरा दिवसांत फुलं मिटली, मग ओघळली, शंख उलटे पडले. मासे मात्र मजेत फिरत होते. शेजारी चहाला आले होते, त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "हिला धीर नाही. सारखी ढवळत असते. हिच्या हाताला गुणच नाही." शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस हे बोलला. मला सायन्सला जायचं होतं, समुद्रातल्या जिवांचं शिकायचं होतं. जूनमध्ये तुम्ही माझा फॉर्म कॉमर्सचा भरलात आणि मी कारण विचारलं तेव्हा रिकाम्या टाकीकडे बोट दाखवलंत. पुढची तीस वर्षं मी जमीन मोजणीच्या कचेरीत लोकांच्या कातळाच्या हद्दींचे नकाशे फायलींना लावले.

नोकरी सोडल्यावर पहिलं काम केलं ते हे, की पुढच्या खोलीत, तुमच्या फोटोच्या बरोबर समोर, प्रवाळांसाठी टाकी मांडली. हौस वगैरे काही नव्हती. तुम्हाला रोज दिसावी म्हणून मांडली. धीर नाही म्हणालात ना? चार महिने मी नुसते दगड आणि खारं पाणी बघत बसले. आधी सगळ्यावर तपकिरी थर आला, मग हिरवं शेवाळ. तुमचे जावई म्हणायचे, यापेक्षा खाडी बरी. पण पाणी मुरल्याशिवाय प्रवाळ आणायचं नसतं, आणि मी आणलं नाही. दोन मासे आणले, मग शंख, आणि सगळ्यात शेवटी कोल्हापूरच्या एका माणसाकडून त्याने टाकीतच वाढवलेल्या मऊ प्रवाळाचे तीन तुकडे. आठवडाभर ते छान फुलले. तुमच्या फोटोकडे बघून मी हसलेसुद्धा. मग ते मिटले.

लहानपणीची मी असते तर एका दिवसात सगळं उलटंपालटं केलं असतं. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढचे पाच-सहा दिवस फक्त बघायचं, असं ठरवलं. खारेपणा मोजला, ठीक. उष्णता ठीक. दिवा मंद केला. तुकडे पाण्याच्या झोतातून बाजूला घेतले. काही उपयोग नाही. शंख मरायला लागले तेव्हा मात्र माझा तोल गेला आणि मी तुमच्या जावयांना धरलं. संध्याकाळी ते त्याच खोलीत डासांचा फवारा मारायचे. नको नको ते बोलले मी. त्यांनी फवाऱ्याचा डबा उचलून कचऱ्यात टाकला. शेवटी मी कोल्हापूरला फोन लावला. तो माणूस म्हणाला, मासे कसे आहेत? मजेत, मी म्हटलं. त्याने विचारलं, "ताई, आटलं की वरून घालायचं पाणी भरून कशात ठेवताय?"

आई आता माझ्याकडे असते आणि तिच्याबरोबर तुमचा हंडाही आलाय. फिल्टरचं पाणी आम्ही त्यातच भरतो, टाकीत घालायचंसुद्धा. माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध प्रवाळाच्या टाकीत घालू नये हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं, पण हंडाही तांब्याचाच हे काही डोक्यात आलं नाही. टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात चाचणीचे थेंब टाकले. तांबं निघालं. माशांना तेवढं सोसतं, प्रवाळ आणि शंखांना सोसत नाही. अण्णा, पडवीतले मासे मजेत होते! समोर माझे तीन तुकडे मरून पडले होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. रंग बदललेली ती नळी मी उदबत्तीच्या घरात खोचून तुमच्या फोटोपुढे ठेवली.

आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, "त्यांना कळलं होतं गो." पुढच्याच वर्षी शाळेतल्या टाकीवर तुम्ही चिठ्ठी चिकटवली होतीत म्हणे, तांब्यापितळेचं भांडं वापरू नये. "मी म्हटलं, पोरीला सांगा. तर म्हणाले, आता सांगून काय उपयोग." मी तेव्हा अकरावीत होते, अण्णा. उपयोग होता. न कळता झालेली चूक मी माफ केली असती. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसून आमटी वाढ म्हणत होतात. हे मी माफ करणार नाही. हंडा परसात उपडा घातलाय आणि तुमच्या श्राद्धाच्या दिवशीच मोडीत देणार आहे. तांबं दगडांत मुरतं, म्हणून दगड सगळे फेकले. पुन्हा चार महिने बसायचंय, बसेन.

इथेच थांबणार होते, पण खिडकीतून तुमचे जावई दिसतायत. फवारा बंद केल्यापासून ते संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून, पायांवर लुंगी ओढून डास मारत बसतात. काल मला म्हणाले, "नवीन प्रवाळ आणशील त्याच्या आधी मी भिंती पुसून घेऊ का? फवारा बसला असेल." मी म्हटलं, पुसा. आई दोनदा म्हणाली, जावयांना सांग. नळीचा रंग बदलला त्याला आज नऊ दिवस झाले, आणि मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.